दुसऱ्या लेकराचं पाणी

उदगीरला दाळमिलच्या मागं एक गल्ली आहे. त्या गल्लीत जन्मलेल्या माणसाचं आधी नाक बघावं. सरळ असलं तर ते लक्ष्मम्मानं ओढून सरळ केलेलं असतं, आणि चपटं असलं तर त्या वर्षी त्या घराचं लक्ष्मम्माशी भांडण असतं. हे ती स्वतःच सांगायची, आणि सांगताना ज्याचं नाक चपटं त्याच्याकडंच बघायची.

लक्ष्मम्मा लेकरं न्हाऊ घालायची. कुणाकडं बाळंतीण घरी आली की सकाळी ऊन अंगणात उतरायच्या आत ही हजर. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचायची, मोरीत पाटावर बसायची, दोन्ही पाय लांब करायची आणि म्हणायची, "आणा आमचं गिऱ्हाईक." लेकरू तिच्या नडग्यांवर पडलं की आधी करडईचं कोमट तेल, मग हळद घालून कालवलेल्या डाळीच्या पिठाचा हात, मग पाणी. पाणी आधी स्वतःच्या कोपरावर घेऊन बघायचं, मग लेकराला. लेकरू किंचाळायला लागलं की ही त्याच्याशी भांडायची. "रड की, रड! तुझा बाप बी असाच बोंबलत व्हता ह्याच पायावर. आता बघ, बायकोपुढं कसा मुका फिरतोय." बाप बिचारा दारातच उभा असायचा. बायका हसायच्या, तो गुपचूप दुकानाकडं निघायचा.

सगळ्यात शेवटी एक तांब्या राखलेला असायचा. त्यात तेल नाही, पीठ नाही, नुसतं स्वच्छ कोमट पाणी. ते एका धारेत डोक्यापासून पायांपर्यंत ओतायचं, तळाशी घोटभर ठेवायचं आणि लेकरावरून ओवाळून मोरीत टाकायचं. "ही नजर पार्वतम्माची, ही गल्लीची, ही माझी. चला मोरीत."

शेजारची पार्वतम्मा टॉवेल पसरून तिथंच उभी असायची. "माझी पहिली कशापायी गं?"

"तुझीच लई तिखट हाय."

हा शेवटचा तांब्या झाल्याशिवाय लक्ष्मम्मा लेकराला कुणाला हात लावू द्यायची नाही. तो झाला की लेकरू घरचं झालं, असं तिचं होतं. जुळी लेकरं असली, तिकडं त्यांना जावळी म्हणतात, तर पहिलं टॉवेलात गेल्यावरही ती पाय उचलायची नाही. तशीच ताठ बसून राहायची. मधीच पाय आखडला तर दुसऱ्याला परकं वाटतं म्हणायची. दुसरं आलं, त्याचा तांब्या झाला, की मगच उठायची, आणि उठताना कमरेला हात लावून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं "शिवा, शिवा" करायची.

तिचा नवरा नागप्पा मुलगा लहान असतानाच गेला. मुलगा मृत्युंजय दाळमिलमध्ये वजनकाट्यावर बसायचा. बोलायला कमी, जेवायला बरा. त्याची बायको शिवानी लोह्याची. तिच्या वडिलांचं, मलप्पांचं, तिथं भांड्यांचं दुकान होतं. आई ती शाळेत असतानाच वारली होती. लग्न होऊन वर्षं सरली तरी शिवानीची कूस उजवली नाही, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी लक्ष्मम्माला हळूच विचारून बघितलं. "सगळ्यांची लेकरं धुतलीस, तुझ्या घरी कधी गं?" लक्ष्मम्मा म्हणायची, "माझ्या घरचं लेकरू शहाणं हाय. तुमच्या लेकरांची अंघोळ बघून घाबरलंय, येऊन नाही राहिलं."

मग एके दिवशी शिवानी लातूरहून सोनोग्राफी करून आली, उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, दोन हायत."

लक्ष्मम्मा खाली बसली. आधी हसली, मग डोळे पुसले, मग पार्वतम्माच्या भिंतीवर थाप मारली. "ये गं बाहेर! दोन हायत दोन! एकामागून एक घालते का न्हाई बघ. पाय उचलायची न्हाई मी. तू मातर टॉवेल दोन आण, तुझा तो फाटका चालायचा न्हाई."

त्या दिवसापासून तिनं जुनी मऊ लुगडी काढून धुवायला घेतली. पहिलटकरणीनं माहेरी जायचं, ही रीत. पण शिवानीला आई नव्हती, म्हणून बाळंतपण उदगीरलाच करायचं ठरलं होतं. "मीच सासू, मीच माय," लक्ष्मम्मा म्हणायची. "भांडायचं असलं तर कुणाशी भांडायचं ते सकाळी ठरवून घे."

चौथ्या महिन्यात लातूरला पुन्हा तपासणी झाली. या वेळी लक्ष्मम्मा बरोबर गेली होती. डॉक्टरीणबाई पडद्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. एकाचं काळीज चालू होतं. दुसऱ्याचं थांबलं होतं. काढायचं नाही, म्हणाल्या; ते आतच राहील, सुकत जाईल, जे आहे ते वाढू द्या.

परतीच्या एसटीत शिवानी खिडकीला डोकं टेकून बसली होती. नळेगावच्या थांब्यावर लक्ष्मम्मानं पेरू घेतले. एक फोडून तिच्या हातात दिला. तो तिनं तसाच धरून ठेवला आणि हुंदक्यानं तिचे खांदे हलले. लक्ष्मम्मानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडू न्हाई, माय. पोटुशीनं रडू न्हाई. एक तरी राहिलं ना? त्याच्याकडं बघ."

शिवानीनं तोंड पुसलं. पेरू खाल्ला.

पुढं मृत्युंजय तेच म्हणाला. मलप्पा फोनवर तेच म्हणाले. पार्वतम्मानं तर तेच म्हणून वर शेवग्याच्या शेंगाही पाठवल्या. एक तरी राहिलं. त्या घरात दुसऱ्याचं नाव निघेनासं झालं. तसं त्याला नाव होतंच कुठं.

आठव्या महिन्यात मठातले स्वामी आले. लिंगायतांत पोटातल्या लेकराचंही इष्टलिंग आधीच आईच्या गळ्यात बांधतात. स्वामींनी ताटातून ते उचललं, तेव्हा शिवानीनं मान वर केली. "एकच?"

"एकच गं," लक्ष्मम्मा म्हणाली, आणि लगबगीनं पाणी आणायला आत गेली.

लातूरच्या दवाखान्यात शिवानी बाळंत झाली. मुलगी झाली. रडली मोठ्यानं. बाहेर बाकावर बसलेल्या लक्ष्मम्मानं नुसत्या आवाजावरून सांगितलं, "फुफ्फुस चांगलं हाय. न्हाऊ घालताना कान किटवणार ही." पण लेकरू बाहेर येईना. येऊन गेल्या त्या सिस्टर, खाली मान घालून. मग डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं.

लेकरू उघडंच ठेवलं होतं. चेहरा नितळ, हातपाय गुटगुटीत, जावळ काळंभोर. आणि दोन्ही कुशींना, काखेखालून कमरेपर्यंत, कातडीच नव्हती. दुधावर धरते तशी पातळ ओली साय तेवढी होती आणि तिच्या खालून लाल दिसत होतं. दोन्हीकडं सारखंच, जसं कुणी मापून केलंय.

लक्ष्मम्मानं आयुष्यात किती लेकरं हातात घेतली असतील! डाग असलेली, सहा बोटांची, ओठ फाटलेली. असं तिनं कधी बघितलं नव्हतं. तिचे हात पुढं झाले आणि तसेच थांबले. कुठं धरायचं ते तिला कळेना.

"आजी, हे फार क्वचित होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जुळ्यातलं एक पोटातच गेलं ना, त्या वेळी हिलाही काही काळ रक्त कमी पडलं असणार. तिथं कातडी तयार झाली नाही. आईची यात काही चूक नाही."

"ग्रहण लागलं का, बाई? ती विळीला शिवली न्हाई त्या दिवशी. मी बसवूनच ठेवलं व्हतं."

"ग्रहणाचा काही संबंध नाही. कुणाचीच चूक नाही. बरी होईल. कडेनं कातडी भरत येईल, वेळ लागेल. पण आम्ही देऊ तीच पट्टी, तेच मलम. तेल नाही, हळद नाही, अंघोळ तर नाहीच."

"अंघोळ न्हाई?"

"आम्ही सांगेपर्यंत नाही."

मग तिनं दुसऱ्याचं विचारलं. सिस्टरांनी वारेबरोबर निघालेलं ते ताटलीत दाखवलं. सणाच्या लुगड्याच्या घडीत वर्षभर राहून गेलेलं फूल असतं ना, तसं चपटं, रंग गेलेलं. पण हात होता. एवढासा. लक्ष्मम्मानं पदर तोंडाला लावला आणि बाहेर आली, कारण बाहेर मृत्युंजय उभा होता आणि त्याला लेकराचं सांगायचं होतं. सगळी धांदल त्या जिवंत लेकराची. दुसऱ्या दिवशी तिला आठवलं की आपल्यात माती देतात, त्याला आंघोळ घालून माती द्यायला पाहिजे. ती धावत विचारायला गेली. वारेबरोबर टाकायला गेलं, म्हणाले. विचारायला उशीर झाला, आजी.

हे तिनं शिवानीला सांगितलं नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर लेकराला पालथं-उताणं करण्याचा मान एकट्या शिवानीचा. उकळलेलं पाणी, स्वच्छ हात, दवाखान्यातली न चिकटणारी जाळीची पट्टी. लक्ष्मम्मा दारात बसून बघायची. लेकराचं लिंग अंगावर बांधता येईना म्हणून पाळण्याच्या दोरीला बांधलं होतं. ते वाऱ्यावर हलायचं तेवढं ती बघायची. पुऱ्या गल्लीची लेकरं न्हाऊ घातलेली बाई, आणि घरचं लेकरू हाताबाहेर.

गल्ली बघायला आली. बघून गेल्यावर बोलायला लागली. एकीनं तर तोंडावरच काढलं, "ग्रहणात काही चिरलं असंल हो सुनेनं."

लक्ष्मम्मा कडाडली, "तुझी जीभ चिरायची राहिली त्या दिवशी, तेवढंच चुकलं!"

भांडण झालं, त्यात तिला थोडं बरं वाटलं. पण शिवानी आत जाऊन दार लावून बसली. तिच्या मनात काय चाललंय ते लक्ष्मम्माला दारातून दिसायचं नाही, आणि विचारलं तर ती म्हणायची, "काही न्हाई, आत्या. एक तरी राहिलं ना."

कडेनं कातडी भरत होती हे खरं, पण हळू. ओलं ओलंच राही. लक्ष्मम्माच्या हिशेबात हे बसेना. तिनं एवढ्या लेकरांच्या बेंब्या वाळवल्या त्या कशानं? विभूतीनं. मठातून आणलेली विभूती चिमूटभर दाबायची, वर फडकं. बेंबी वाळून पडायची. कुणाला काही झालं नव्हतं, किंवा झालं असलं तर कुणी ते विभूतीवर घातलं नव्हतं. झाकून झाकून जखम वाळणार कशी? आणि ती काही तेल लावणार नव्हती, हळद नव्हती, पाणी तर नव्हतंच. विभूती म्हणजे काय औषध आहे का? देवाची ती.

शिवानी मोरीत होती. लेकरू जागं होतं, आजीकडं टकामका बघत होतं. लक्ष्मम्मानं पट्टी हलक्या हातानं उचलली, देवघरातल्या विभूतीवर तीन बोटं घासली आणि आधी या कुशीला, मग त्या कुशीला भुरभुरवली. पट्टी होती तशी बसवली. "माझी माय, वाळंल गं," ती कुजबुजली. "वाळलं की आपण न्हायचं."

दुसऱ्या दिवशी लेकरू दूध ओढेना. अंग तापलं. पट्टीच्या कडेनं पिवळं आलं. मिलच्या मालकानं गाडी दिली आणि तिघं लातूरला पोचली.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे काय लावलंय? कुणी लावलं?"

मृत्युंजयनं शिवानीकडं बघितलं. शिवानीनं कुणाकडंच बघितलं नाही. तिची नजर खाली होती, सासूच्या मांडीवर. तिथं लक्ष्मम्माचा हात पडला होता. रोज सकाळ-संध्याकाळ कपाळाला लावून लावून त्या तीन बोटांच्या रेषांत राख बसलेली. आज काही वेगळं नव्हतं. रोजच तशी असायची.

"आत्या," शिवानी म्हणाली, "तुमची बोटं."

लक्ष्मम्मानं बोटं पदराखाली घेतली.

लेकराच्या इवल्या हाताला सुई लागली. पाण्यानं, औषधानं ती राख धुऊन काढताना ते जसं रडलं, तसं लक्ष्मम्माच्या पायांवर कधी कुठलं लेकरू रडलं नव्हतं. ती दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. कान झाकायचा तिला हक्क वाटेना.

लेकरू वाचलं. ताप उतरला, दूध प्यायला लागलं. सोडायचं ठरलं तेव्हा शिवानी पिशवी भरता भरता म्हणाली, "मी लोह्याला जाते. अप्पाकडं. तिथून नांदेड जवळ पडतं, दाखवायला तिकडंच नेईन."

"तिथं कोण हाय तुला, माय? ना माय, ना बहीण. लेकराला हात लावायला कोण हाय तिथं?"

"कुणी न्हाई," शिवानी म्हणाली. "म्हणूनच."

मृत्युंजय तिला पोचवून आला. जेवला नाही.

त्यानंतर गल्लीत बाळंतिणी आल्या, लोक बोलवायला आले. लक्ष्मम्मा म्हणायची, "पाय दुखून राहिले." सकाळी सवयीनं पाणी मात्र तापवायची. पाणी तापून तयार आणि न्हाणारं कुणी नाही, मग त्या पाण्यात भांडी घासायची. त्या दिवसांत तिच्या घरची भांडी अशी लखलखली की पार्वतम्मा म्हणाली, "मलप्पाच्या दुकानात ठेवायची का गं ही?" लक्ष्मम्मा हसली नाही. तेव्हा पार्वतम्मा घाबरली.

मृत्युंजय रविवारी लोह्याला जाऊन यायचा आणि मोबाइलवर लेकराचे फोटो दाखवायचा. "बघ अव्वा, कशी हसती."

"तोंड काय दावतोस? तोंड चांगलंच हाय. कूस दाव."

तो पुढचा फोटो काढायचा. त्यातही तोंडच असायचं.

शेवटी ती एकटीच निघाली. उदगीरहून अहमदपूर, तिथून लोहा. मलप्पांच्या दुकानाच्या पायरीवर बसली. मलप्पांनी उठून "या, विहीणबाई" म्हटलं, चहा मागवला, आणि हंडे-घागरींच्या मागून शिवानी लेकराला घेऊन आली. दोन हात लांब उभी राहिली. लेकराचं अंगडं वर करून तिनं दोन्ही कुशी दाखवल्या. कडेनं गुलाबी, पातळ कातडी आत आत सरकली होती. मधी अजून पट्टी होती.

लक्ष्मम्मानं दोन्ही हात पदराखाली धरून ठेवले होते. सगळा वेळ. चहाला बाहेर काढले तेवढेच.

"भरून यायलंय," ती म्हणाली.

"हाव."

"चांगलं केलंस पोरी, हिकडं आलीस ते."

मलप्पा गिऱ्हाईकाकडं वळले. शिवानीनं अंगडं खाली केलं आणि एकदम म्हणाली, "राख लावली म्हणून न्हाई गेले मी, आत्या. ते तुम्ही मायेनं केलं. मला कळतंय की. पर त्या एसटीत तुम्ही मला रडू दिलं न्हाई. मग कुणीच दिलं न्हाई. हिच्या पट्ट्या बदलते ना, तवा रोज वाटतं, हे दोन्हीकडचं... हितं ते टेकून व्हतं. हितं माझं दुसरं लेकरू व्हतं. आन् सगळे म्हणतात, एक तरी राहिलं. दवाखान्यातून ते कुठं गेलं, ते बी मला कुणी सांगितलं न्हाई."

लक्ष्मम्माचा चहा कलंडला. पायरीवर पसरत जाणारा चहा तिनं पदरानं पुसला.

"वारेबरोबर गेलं," ती म्हणाली. "मी मागायला गेले. उशीर झाला. माती दिली न्हाई आपण त्याला, पोरी. पाणी बी घातलं न्हाई."

शिवानीनं लेकरू छातीशी घट्ट धरलं.

"तू रडलीस तर हे बी जाईल, असं वाटलं मला. म्हणून म्हणलं रडू नको. मी बी न्हाई रडले. तुझ्याम्होरं कशी रडू?"

लेकरानं तेवढ्यात आजीकडं बघून तोंड वेंगाडलं आणि जोरात भोकाड पसरलं. शिवानी त्याला थोपटत आत गेली. लक्ष्मम्मा उठली, मलप्पांना हात जोडले आणि परतीची गाडी धरली. गाडीत तिच्या शेजारच्या बाईनं विचारलं, नातीला बघून आलात का? लक्ष्मम्मा म्हणाली, "हाव. नातींना." मग खिडकीकडं तोंड केलं. ते दुसरं मुलगी होतं की मुलगा, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

थंडी सरत आली तेव्हा एका संध्याकाळी मृत्युंजयबरोबर शिवानी परत आली. लेकराचं नाव सृष्टी ठेवलं होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी पट्ट्या काढल्या होत्या. दोन्ही कुशींना नवी कातडी आली होती. पातळ, चकचकीत, कांद्याची आतली साल असते तशी. ती तशीच राहणार होती. घाम यायचा नाही तिथं, ऊन जपायचं, मोठी झाल्यावर खाजेल थोडी. पण भरली होती.

लक्ष्मम्मानं दृष्ट काढली, भाकरीचा तुकडा ओवाळला आणि लांबच बसली. लेकराला हात लावला नाही. कुणी म्हटलंही नाही.

सकाळी ती सवयीनं पाणी तापवत होती. मागं शिवानी येऊन उभी राहिली, कडेवर सृष्टी उघडीनागडी, दुपट्यात.

"आत्या, हिला न्हाऊ घाला."

लक्ष्मम्मा वळली नाही. "माझी बोटं..."

"धुवा साबणानं. तेल न्हाई, हळद न्हाई, पीठ न्हाई. नुसतं पाणी."

"नुसतं पाणी," लक्ष्मम्मा म्हणाली.

तिनं साबण लावून हात धुतले. पुन्हा धुतले. त्या तीन बोटांच्या रेषा नखानं खरवडल्या. लुगडं खोचून पाटावर बसली, पाय लांब केले. शिवानीनं लेकरू त्यांच्यावर ठेवलं.

सृष्टी रडली नाही. पायांच्या त्या खोबणीत तिची पाठ अशी बसली, जशी नेहमीची जागा आहे. लक्ष्मम्मानं कोपरावर पाणी बघितलं, मग हातानं थोडं थोडं सोडलं. डोकं, मान, छाती. आज ना बापाला चिडवलं, ना गल्लीला शिव्या. कुशीशी हात आला तेव्हा बोटं थांबली. शिवानी बघत होती. लक्ष्मम्मानं बोटांची मागची बाजू त्या नव्या कातडीवरून नेली, वर-खाली, एकदाच. गार लागली. मग दुसऱ्या कुशीवरून तशीच.

"हितं टेकून व्हतं," ती म्हणाली.

"हाव," शिवानी म्हणाली.

शेवटचा तांब्या झाला. एक धार, डोक्यापासून पायांपर्यंत. घोटभर पाणी ओवाळून मोरीत. कुणाची नजर तेही ती म्हणाली नाही. शिवानीनं सृष्टीला दुपट्यात घेतलं, डोकं पुसलं, छातीशी धरलं.

लक्ष्मम्मा उठली नाही.

दोन्ही पाय तसेच लांब, ताठ. हात मांडीवर. ओल्या नडग्यांवरून वाफ निघत होती. शिवानी आधी म्हणणार होती, आत्या, कंबर धरली का? तिनं सासूच्या तोंडाकडं बघितलं आणि ती म्हणाली नाही.

बाहेरून पार्वतम्मानं आवाज दिला. "झालं का गं न्हाणं? टॉवेल घेऊन उभी हाय मी कवाची!"

"थांब," लक्ष्मम्मा म्हणाली. "अजून एक हाय."

शिवानीनं सृष्टीला एका हातावर घेतलं. दुसऱ्या हातानं घंगाळात तांब्या बुडवला आणि आधी स्वतःच्या कोपरावर पाणी बघितलं. मग ती खाली बसली आणि सासूच्या रिकाम्या पायांवर ते पाणी वरून खाली, सावकाश, एका धारेत सोडत राहिली. आणि रडायला लागली, मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. लक्ष्मम्मानं तिला गप्प केलं नाही.